काचेवरचा तंबाखू

माझ्या मोटारीचा डावीकडचा वायपर बोर्ली पंचतनच्या बाजारात कुणीतरी उपटून नेला, तेव्हा माझा पहिला संशय माझ्या चुलतभावावर, बापूवर गेला. त्या काळी कुलाबा जिल्ह्याच्या आमच्या टोकाला उतारूंच्या मोटारी दोनच, एक माझी आणि एक त्याची. भर श्रावणात वायपर नसलेल्या मोटारीत कोण बसणार? मी त्याला विचारलं काहीच नाही, नुसतं बोलणं टाकलं. उजवीकडचा वायपर शाबूत होता, पण तो रबरी नळीतून इंजिन हवा ओढेल त्या जोरावर चालणारा. चढाला इंजिन दमलं की तोही दमायचा. संशय माझ्या रक्तातच होता म्हणा ना. रोज देवीला हात जोडायचो, तेव्हाही ही खरंच ऐकते की नाही, असं मनात यायचंच.

अशातच माझ्या पत्नीच्या पोटात दुखू लागलं. आधी काढे झाले, मग म्हसळ्याचे डॉक्टर झाले. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "इथे थांबू नका. सरळ महाडला न्या, ऑपरेशन लागेल." दुपारची वेळ, पण पावसानं संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. पत्नीला मागच्या सीटवर निजवलं, थोरल्या वहिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन माझ्या मागे बसल्या आणि आम्ही निघालो.

घाट चढताना वायपर मंदावत गेला आणि माथ्यावर पोचेपर्यंत पार थांबला. त्याची रबरी नळी फुटली असावी. समोरच्या काचेवरून पाण्याचे लोट वाहत होते, मागची काच धुरकटलेली, पुढे उतार. माथ्यावर वाघजाईचं ठाणं आहे. तिथे मोटार उभी केली, देवीपुढे जाऊन उभा राहिलो. मागावं काय तेही सुचेना. मागे पत्नीचं कण्हणं ऐकू येत होतं. "आई, मला वाट दिसत नाही," एवढंच तोंडातून निघालं.

वळून पाहतो तर घोंगडी पांघरलेला एक म्हातारा माझ्या मोटारीला चिकटून उभा, आणि समोरच्या काचेवर हातानं काहीतरी चोळतोय.

"कोण रे तू? काय करतोस?" मी ओरडत धावलो.

"तंबाकू हाय," तो हात न थांबवता म्हणाला. "पानी धरनार न्हाय आता काच."

वहिनींनी खिडकीतून घाबऱ्या आवाजात सांगितलं, "भाऊजी, पुसून टाका ते! करणीबिरणी असायची. मागच्या काचेलाही फासलंय त्यानं."

माझ्याही मनात तेच आलं. निर्जन घाट, आत अंगावर दागिने असलेल्या दोन बायका, आणि हा न बोलावता आलेला. खांद्यावरचा पंचा काढून मी काच पुसायला गेलो आणि थबकलो. पाणी काचेवर पसरत नव्हतं. थेंब थेंब होऊन घरंगळत होतं, आणि त्यातून उतार दिसत होता. तोवर म्हाताऱ्यानं कमरेची सुंभाची दोरी सोडून थांबलेल्या वायपरच्या दांडीला बांधली. एक टोक वहिनींच्या खिडकीतून आत दिलं. "बाय, तू हिकडून वढ, मी तिकडून वढतो." आणि दुसरं टोक घेऊन तो माझ्या शेजारी येऊन बसलासुद्धा.

नको म्हणायला माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. मोटार उताराला लागली. दोरी इकडून तिकडे जायची, वायपर काचेवरून फिरायचा. मी मात्र आतला आरसा हळूच त्याच्याकडे वळवला. रस्त्यावरची नजर फार न हलवता त्याचे हात मला दिसायला हवे होते. त्या घोंगडीखाली कोयता असला तर?

पहिलं वळण पार झालं आणि त्यानं दोरीचा हात न सोडता दुसऱ्या हातानं आरसा फिरवून सरळ केला. "माज्याकडं काय बगतोस? मागं बग," तो म्हणाला.

मी रागानं आरशात पाहिलं. मागच्या काचेतून, थेंबांच्या मधून, लाकडांनी भरलेला एक ट्रक आमच्यावर येत होता. वेग उताराला साजेसा नव्हता. ड्रायव्हर खिडकीतून हात काढून वेड्यासारखा हलवत होता. त्याचा ब्रेक गेला होता. पावसाच्या आवाजात त्याचा हॉर्न आम्हाला ऐकूच आला नव्हता. डोंगराच्या अंगाला खडी काढून मोकळी झालेली जागा दिसली, तिथे मी मोटार घातली. ट्रक आमच्या दाराला घासत पुढे गेला आणि खालच्या भातखाचरात जाऊन रुतला. त्यातली माणसं चिखलानं माखून, पण चालत बाहेर आली.

"उतरतो हितंच," म्हातारा म्हणाला आणि दोरी माझ्या मांडीवर ठेवून उतरला. मी मागे वळलो. लाज वाटते सांगायला, पण माझी नजर आधी पत्नीच्या गळ्याकडे गेली. मंगळसूत्र जागेवर होतं. पुन्हा वळलो तेव्हा रस्त्यावर पाऊसच होता. ट्रकवरचा एक माणूस मदत आणायला आमच्याबरोबर आला, दोरीचं दुसरं टोक त्यानं धरलं, आणि आम्ही महाडला पोचलो.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं. दुसऱ्या दिवशी बापू भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आला, तोही एसटीनं. त्याच्या मोटारीचे तर दोन्ही वायपर त्याच बाजारातून चोरीला गेले होते. मी त्याचा हात धरला आणि त्याला पत्नीच्या खाटेपाशी घेऊन गेलो.

पुढे परतताना देवीच्या गुरवाकडे चौकशी केली. तो हसून म्हणाला, "घोंगडीवाले म्हातारे काय, घाटातून रोज जातात." असेलही. मी त्यावर वाद घालत नाही. मी नवे वायपर बसवले, आणि आता रोज काचा आणि आरसा पुसल्याशिवाय मोटार काढत नाही. देवीला हात जोडतो तेही त्यानंतरच. आपली काळजी आपण घ्यावी आणि उरलेलं तिच्यावर सोडावं, एवढंच मला त्या घाटानं शिकवलं. सोडणं मात्र मला अजून पुरतं जमलेलं नाही.

घरी आल्यावर एकदा पत्नी सहज म्हणाली, "त्या बाबांमुळे मी तगले हो. दोरी ओढताना दर खेपेला हळूच म्हणत होते, 'आई हाय, आई हाय.' मी तेच धरून पडले होते."

वहिनी म्हणाल्या, त्यांना पावसाशिवाय काही ऐकू आलं नाही. मी तर त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसलो होतो. पण माझं सारं लक्ष त्याच्या हातांवर होतं. त्याच्या तोंडून आईचं नाव येत होतं, ते माझ्या कानांपर्यंत पोचलंच नाही.