सतरा नंबरचं कार्ड

मुलगी दहा वर्षांची असताना मी तिला नागपूरच्या बर्डी बाजारातून फुटबॉलच्या कार्डांची तीन पाकिटं आणून दिली होती. एका पाकिटात पाच खेळाडू. कोणते, ते फोडल्याशिवाय कळत नाही. मुलीनं ती तीन दिवसांत सोडली आणि मी धरली, ती आजतागायत. खरं सांगायचं तर मी आयुष्यात फुटबॉलला एकदाच पाय लावला आहे, तोही चेंडू नालीत गेला होता म्हणून. पण कार्डं मात्र दोनशे एकोणचाळीस जमवली. संच होता दोनशे चाळीसचा.

राहिलं होतं सतरा नंबर. हा एका संघाचा दुसरा गोलकीपर. पूर्ण स्पर्धेत त्यानं बाकावर बसून पाणी प्यायलं. असा माणूस कुणाला हवा असतो? म्हणूनच तो कुठे मिळत नव्हता. अल्बममधला त्याचा खिसा पंधरा वर्षं रिकामा होता आणि पान उघडलं की माझं लक्ष भरलेल्या खिशांकडे न जाता तिकडेच जाई. बायको म्हणायची, "इतकी वाट तुमी माह्या बाळंतपणातबी पाहिली नव्हती."

जास्तीची कार्डं आम्ही संग्राहक एकमेकांना टपालानं पाठवतो. फोनवर आमचा एक गट आहे, त्यात कुणाकडे काय जास्तीचं आहे आणि कुणाला काय हवं, याच्या याद्या पडतात. पाठवायची रीत ठरलेली. कार्ड आधी पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, मग दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठा, म्हणजे वाटेत वाकत नाही. चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे समोरच्याला नखं मोडावी लागत नाहीत. आणि गटात जो नवा, त्यानं आधी पाठवायचं.

सतरा नंबर जास्तीचा निघाला कोल्हापूरच्या एका निवृत्त मास्तरांकडे. त्या बदल्यात त्यांना माझ्याकडचा एक डावखुरा हवा होता. मी गटात सात वर्षांचा, ते नऊ वर्षांचे, म्हणजे नवा मीच. मी घरभर पुठ्ठा शोधला. महिन्याभरावर मुलीचं लग्न आलेलं, घरात साड्यांचे खोके, फळांच्या टोपल्या, पुठ्ठा मात्र नाही. मग टेबलावर उरलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा दिसला. जाड, कडक, घडीची पत्रिका. कार्ड नेमकं घडीत बसलं. मी स्वतःवरच खूश होऊन ते पोस्टात टाकून आलो.

पाच दिवसांनी मास्तरांचा निरोप आला. "पाकीट मिळालं. भरून पावलो. सतरा नंबर टपालानं पाठवत नाही, समक्ष घेऊन येतो."

मी फोन हातात धरून बसलो. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "असे काहून बसून राहिले? कोण गेलं?"

"गेलं कोणी नाही. कोल्हापूरचा एक माणूस कार्ड द्यायले नागपूरले येऊन राहिला."

"एका कार्डापायी?" तिनं लाटणं थांबवलं. "पाकिटात कडक म्हणून काय घातलं होतं तुमी?"

"पत्रिका."

"कोणाची?"

"आपलीच. उरलेली होती ना."

तिनं लाटणं पोळपाटावर ठेवलं. मग म्हणाली, "सहकुटुंब सहपरिवार लिवलं आहे तिच्यात. एकटे येऊन राहिले, हे उपकार समजा."

आता काय करायचं? या म्हणवत नव्हतं आणि येऊ नका म्हणायची सोय नव्हती. शिवाय मनातून मला ते यायला हवेच होते, कारण त्यांच्याबरोबर सतरा नंबर येणार होता. बायकोनं एकच अट घातली. पोरीच्या लग्नात मी कार्डाचं नाव काढायचं नाही.

मनीषनगरच्या हॉलवर लग्नाच्या सकाळी डोक्याला लाल फेटा बांधलेले एक ताठ गृहस्थ उतरले आणि त्यांनी मला मिठीच मारली.

"काय ओ, कार्डासंगं आवतण धाडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. आमच्यात सख्खी भावकी फोनवर उरकते."

मी कसनुसं हसलो. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून एक कडक कोपरा वर आलेला दिसत होता. नंतर बुद्धवंदना झाली, मुलीनं पांढऱ्या साडीत मान खाली घातली, दोघांनी एकमेकांना हार घातले, सगळ्या बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. माझेही डोळे भरले होते, पण नजर त्या खिशावर होती. बायकोनं मला कोपरानं ढोसलं.

"तिकडे पोरगी हाय, गा," माझी मोठी बहीण मागून म्हणाली. तिलाही दिसलं होतं म्हणायचं.

आमच्याकडे हार झाले की वडीलधारे माइकवर येऊन वधूवरांना दोन शब्द सांगतात. सूत्रसंचालन माझ्या साळ्याकडे होतं. त्यानं मला कानात विचारलं, "भाऊजी, हे फेटेवाले कोण?" मी म्हटलं, "माझे स्नेही. फुटबॉलचे." एवढ्यावर त्यानं जाहीर करून टाकलं, "आता कोल्हापूरहून खास आलेले, फुटबॉल क्षेत्रातले ज्येष्ठ मान्यवर मार्गदर्शन करतील."

मास्तर उठले. शिकवायची सवय; माइक दिसल्यावर ते थांबतात कुठले. त्यांनी बाकावर बसलेल्या गोलकीपरची सगळी गोष्ट सांगितली. स्वतःला एक मिनिट खेळायला मिळालं नाही, तरी पहिल्या गोलकीपरनं चेंडू अडवला की हा उडी मारून उठायचा. "संसारात दोघंही एकदम मैदानात उतरली तर गोल होतोय," ते म्हणाले. "एकानं थोडं बाकावर बसायला शिकावं." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझा साळा डोळे पुसत होता.

मग मास्तरांनी खिशात हात घातला, सतरा नंबर बाहेर काढला आणि माझ्या जावयाच्या हातात ठेवला.

मी स्टेजच्या पायरीवर एक पाय ठेवला होता. बायकोनं मागून सदरा धरला.

जेवणाच्या वेळी मी मास्तरांना वाढता वाढता म्हटलं, "ते कार्ड... म्हणजे आपलं ठरलं होतं..."

"ठरलं होतं की. पण लग्नाच्या मांडवात अदलाबदल बरी दिसती व्हय? तुम्हाला दिलं काय नि लेकीला दिलं काय, घरातच राहिलं."

"आणखी एखादं असेल ना?"

"जास्तीचं तेवढंच हुतं," ते म्हणाले आणि आणखी भात मागितला.

पंधरा दिवसांनी आम्हा दोघांना मुलीच्या सासरी कोराडीला जेवायला बोलावलं. इवाई, म्हणजे मुलीचे सासरे, वीज केंद्रात होते. वसाहतीत राख येते म्हणून त्यांच्या घरी प्रत्येक वस्तूला आवरण. फ्रिजला, टीव्हीला, रिमोटला, भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा. कागदांसाठी त्यांनी लॅमिनेशनचं यंत्रच विकत घेतलेलं. गॅसचं पुस्तक, मिक्सरची वॉरंटी, जावयाची बालवाडीची प्रगतिपुस्तिका, सगळं प्लास्टिकमध्ये बंद. आणि शोकेसमध्ये, मधोमध, सतरा नंबर.

संग्राहकाला लॅमिनेशन म्हणजे काय, हे सांगायला शब्द नाहीत. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कार्ड परत निघत नाही. चारी बाजूंनी बोटभर कडा आली होती. माझ्या अल्बमच्या खिशात ते आता या जन्मी जाणार नव्हतं.

"पोरगी सांगत होती, तुमाले हा पायजे होता," इवाई म्हणाले. त्यांनी शोकेस उघडून कार्ड रुमालानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "घेऊन जा. आता शंभर वर्षं काही होत नाही त्याले."

मी आभार मानले. मुलीचा बाप दुसरं काय करणार?

"आन बाकीचे बी आना," ते म्हणाले. "तुमचा जावई सांगत होता, दोनशेच्या वर आहेत तुमच्यापाशी. रविवारी बसू आन सगळेच पॅक करून टाकू. मशीन रिकामीच पडून आहे."

माणूस इतक्या मायेनं बोलत होता की मला नाही म्हणता येईना. पहिल्यांदाच घरी आलेलो. मी वाटीतल्या गुलाबजामकडे पाहत राहिलो. मुलगी माझ्याकडे पाहत होती, जावई खाली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बायको शांतपणे म्हणाली, "कुठचे दोनशे? लग्नाच्या साफसफाईत मी देऊन टाकले रद्दीवाल्याले. हा एकच उरला म्हना."

पंधरा वर्षं जिनं त्या अल्बमला नाक मुरडलं, ती डोळ्याची पापणी न हलवता बोलली. इवाईंना फार वाईट वाटलं. माझ्या वाटीत त्यांनी आणखी दोन गुलाबजाम घातले आणि मी शक्य तेवढा दुःखी चेहरा करून ते खाल्ले.

सतरा नंबर आता आमच्या टीव्हीपाशी उभा आहे. अल्बममधला खिसा रिकामाच आहे. इवाई येणार असल्याचा फोन आला की बायको चहाचं आधण ठेवत नाही, आधी अल्बम दिवाणाच्या पेटीत, गाद्यांच्या खाली टाकते, आणि मग मला म्हणते, "जा, दार उघडा. आन चेहरा पाडून ठेवा."