पदवीसाठी घर तारण

बडोद्यातल्या आमच्या मराठी घरात पैशाची भाषा गुजराती होती. लाड, रागावणं, देवपूजा सगळं मराठीत. पण महिनाअखेर जवळ आली की आई-बाबा नकळत गुजरातीत शिरत. बाबा नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते, तिथल्या पगारवाढीच्या गप्पा गुजरातीत चालत. आईची घासाघीस दांडिया बाजारात, तीही गुजरातीत. त्यामुळे स्वयंपाकघरातून "आ महिने नहीं पोसाय", म्हणजे या महिन्यात परवडणार नाही, असं ऐकू आलं की नवी चप्पल मागायची नाही, हे मला फार लहानपणी कळलं. अजूनही परगावी कुणी गुजरातीत बोलताना ऐकलं की मला उगाचच काटकसर करावीशी वाटते.

बीएस्सी झाल्यावर मी घरात जाहीर केलं, की मला नैसर्गिक संसाधनांच्या संवर्धनात एमएस्सी करायचं आहे. तळी, गवताळ रानं, माती, पाणी यांचा अभ्यास. कॉलेज लांब, फी दांडगी, आणि कर्जासाठी बँकेला घराचे कागद तारण हवे होते. घर म्हणजे दोन खोल्यांचा फ्लॅट, ज्याचे हप्ते भरता भरता बाबांचे केस पिकले होते.

"झाडं मोजायला एवढे पैसे?" आत्या म्हणाली. "आमच्या गच्चीतली मोज की, फुकट!"

मी तिच्यावर अशी उखडले, की आईने चहा टाकायच्या निमित्ताने मला आत पिटाळलं. राग यायचं कारण म्हणजे आत्याला गप्प करील असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाबांच्या कारखान्यात लॅबमध्ये जागा होती आणि तिचा पगार सगळ्यांना तोंडपाठ होता. माझ्या पदवीला पगार किती मिळतो, हे आमच्या ओळखीत कुणालाच सांगता येत नव्हतं.

बाबा मात्र न कळलेली गोष्ट तशीच सोडणाऱ्यातले नव्हते. हाच कोर्स केलेली एक बाई डभोईच्या बाजूला तळ्यांचं काम करते, असं त्यांनी कुठून तरी शोधून काढलं. रजा टाकली, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा, बांधून घेतला आणि मला घेऊन बसने निघाले.

थंडीचे दिवस होते. त्या बाई आम्हाला तळ्याच्या बांधावर घेऊन गेल्या. पाण्यावर बदकांची गर्दी होती, मी तर बघतच राहिले. बाबांनी पाण्याकडे पाहिलं न पाहिलं आणि चेवडा पुढे करत, राग मानू नका असं म्हणून थेट विचारलं, "बेन, खोटुं ना लगाडशो, पण पगार केटलो?"

मला त्या बदकांत उडी घ्यावीशी वाटली. बाईंना काही राग आला नाही. त्यांनी आकडा सांगितला. तो लॅबच्या पगाराहून कमी होता.

"वधे छे?" पुढे वाढतो तरी का, हे बाबांना हवं होतं.

"धीमे धीमे."

"अने लोन?"

"हजी चाले छे," म्हणत त्या मोकळेपणी हसल्या. इतकी वर्षं नोकरी करून कर्ज अजून चालूच होतं, आणि बाई हसत होत्या.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. बाबा बोटांवर काहीतरी मोजत होते. आता ते "नहीं पोसाय" म्हणतील आणि विषय संपेल, असं मी धरूनच चालले होते.

"हप्ता जड जाईल," बाबा म्हणाले. "पण दोघं मिळून भरू. कागद देतो मी."

मराठीत म्हणाले. पैशाबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलत होते. मी भर बसमध्ये हमसून हमसून रडले. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा बाबा ओशाळून तिला म्हणाले, "एने बस लागे छे." मग ती बिचारी माझ्यासाठी लिंबूही शोधायला लागली.

पदवी झाली. नोकरीही तळ्यांचीच मिळाली, पण पार कच्छच्या बाजूला. पगार डभोईच्या बाईंनी सांगितला होता, त्याच्याच आसपास. लॅबमध्ये लागलेल्या माझ्या मैत्रिणीने गाडी घेतली, मी हप्ते भरत राहिले. दर रविवारी बाबांचा फोन यायचा. पगार झाला का? जेवण बरं असतं का? खोलीत पंखा चालतो का? काम आवडतं का, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी पक्ष्यांबद्दल सांगायला लागले की "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे द्यायचे. मला ते फार लागायचं. ज्या शिक्षणासाठी राहतं घर तारण ठेवलं, त्याची एवढीही चौकशी करू नये?

यंदा कर्ज फिटलं. बाबा आता निवृत्त झालेत. मी सुट्टी काढून बडोद्याला आले आणि आम्ही दोघं बँकेत जाऊन घराचे कागद सोडवून आणले. येताना उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबलो. ग्लास हातात आला, तरी बाबा तो तोंडाला लावेनात.

"काम आवडतं का गं तुला?" त्यांनी विचारलं.

"खूप आवडतं. पण बाबा, हे आज विचारताय? इतक्या वर्षांनी?"

"आधी विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर?" ते म्हणाले. "कर्ज होतं ना डोक्यावर. मग सोड म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार होतो तुला?"