काजबटण राहिलेला कोट

त्याला सगळे काजबटण म्हणत. कपडे मागायला कुणीही आलं की या शिंप्याचं एकच पालुपद असे, "झालंच! फक्त काज-बटण राहिलंय. उद्या या." त्या उद्याच्या भरवशावर एका नवरदेवाने काकाचा सदरा घालून लग्न उरकलं होतं. एका पोराचा गणवेश तयार झाला तेव्हा पोरगं शाळा संपवून नोकरीला लागलं होतं.

माणूस लबाड म्हणावा, तर तसंही नाही. 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर चढत नसे, एवढंच. कुणी फारच खोदून विचारलं, तर पठ्ठ्या ओठांत चार टाचण्या धरी आणि 'म्हं म्हं' करी. तोंडात टाचण्या धरलेल्या माणसाशी भांडणार कोण?

रविवारी तो चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसे. पुढे बसायची सोय नव्हती, पुढच्या तीन बाकांवर त्याची गिऱ्हाइकं होती. शेवटचं गीत सुरू झालं की तो सटके. पण एका रविवारी पाळकसाहेबांनी त्याला दारातच गाठलं.

"तुझ्या दुकानाच्या वर राहतात ना, ते कंपाउंडरकाका फार आजारी आहेत. डॉक्टरांनी हात टेकलेत. तुमच्या येशूबद्दल कुणीतरी येऊन मला सांगा, म्हणतात. आणि त्यांनी तुझं नाव घेतलंय."

नाव ऐकताच काजबटणला तो कोट आठवला. दोन महिन्यांपूर्वी काकांनी कोटासाठी निळं कापड आणून दिलं होतं. तेव्हा काका चांगले गोल गरगरीत होते. आणि याने मापाच्या चिठ्ठ्यांत घोळ घालून ते कापड पाळकसाहेबांच्या मापाने कापलं होतं. पाळकसाहेब म्हणजे कपडे वाळत घालायची काठी! कापड काही नख नव्हे, कापल्यावर वाढायला. तेव्हापासून त्या कोटाचं काज-बटण राहिलं होतं.

"मी? पाळकसाहेब, मी किती खोटं बोलतो ते सगळ्या मंडळीला ठाऊक आहे."

"मला जरा जास्तच ठाऊक आहे. माझी पॅन्ट गेल्या उन्हाळ्यापासून तुझ्याकडे आहे."

"मग दुसरं कुणी चांगलं माणूस धाडा ना!"

"त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलेलं नाही," पाळकसाहेब म्हणाले आणि छत्री उघडून चालू लागले.

घरी बायकोने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "एवढ्या मंडळीतून देवाने निवडलं कुणाला, तर तुम्हाला! त्याचंही माप कधीकधी चुकतं वाटतं." मग थोडं थांबून म्हणाली, "जा पण. माणूस वाट बघतोय."

काजबटण गेला नाही. पण दुकानाचं छत म्हणजेच काकांची फरशी. सोमवारपासून वरून काठी सुरू झाली. ठक ठक. त्याने मशीन जोरात चालवलं. मशीन थांबलं की पुन्हा ठक ठक. पळावं म्हटलं, तर दुकानाचं एकुलतं दार नेमकं काकांच्या जिन्याला लागून. शेवटी तो कपडे घालून बघायच्या पडद्यामागे जाऊन बसला. तिथे आरसा होता आणि आरशात एक माणूस होता. तो काही बाहेर जायचं नाव घेईना.

वर जावं, तर कोटाचं बिंग फुटणार. न जावं, तर काठी थांबत नव्हती. त्याने देवाचीही मनधरणी करून पाहिली. 'मला आधी जरा नीट होऊ दे, मग जातो.' म्हणजे देवालाही उद्या याच!

गुरुवारी दुपार झाली तरी काठी वाजली नाही. त्या शांततेत त्याला मशीनवर पाय ठेववेना. कच्ची शिलाई घातलेला कोट काखोटीला मारून तो जिना चढला. दार काकांच्या सुनेने उघडलं.

"या. आज काठी उचलवली नाही त्यांना."

पलंगावर काका होते, म्हणजे त्यांच्यातलं उरलं होतं तेवढं.

"आधी त्या टाचण्या काढ," काका म्हणाले.

त्या कधी तोंडात गेल्या, ते त्यालाच कळलं नव्हतं. त्याने त्या काढल्या, आणि मग तोंड अडवायला काहीच उरलं नाही. "काका, मी खोटं बोललो. काज-बटण नाही, सगळंच राहिलंय. कापड मी पाळकसाहेबांच्या मापाने कापलं."

काका हसले, हसता हसता खोकले. "घाल बघू माझ्या अंगावर."

त्याने आणि सुनेने त्यांना उठवून बसवलं. कोट खांद्याला चपखल, छातीला चपखल. बाह्या तेवढ्या लांब. कोट नीट बसल्याचं एवढं वाईट त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

काकांनी त्याचं मनगट धरलं. "आता सांग. पाळक भले गृहस्थ आहेत. देवाने त्यांना ठेवून घेतलं, यात काय नवल? तुला कसं ठेवलं, ते ऐकायचंय मला. औषधाच्या बाटल्यांत मीही पाणी घातलंय रे."

काजबटणने हात सोडवून पाहिला, पण पकड सुटेना. "मला बोलता येत नाही, काका. दर रविवारी म्हणतो, प्रभू, चुकलो. सोमवारी पुन्हा चुकतो. तरी येशू कधी म्हणाला नाही की जागा भरली. माझ्यासाठी तो क्रुसावर गेला, तेव्हा मी कसा आहे ते त्याला ठाऊक होतं. गिऱ्हाईक बघूनच माप घेतलंय त्याने. एवढंच कळतं मला."

काकांनी डोळे मिटले. "दमलो. बाकीचं उद्या सांग."

खाली दुकानाच्या दारात एक गिऱ्हाईक "ओ मास्तर!" म्हणून ओरडत होतं. जगाला उद्या वाटत आलेल्या त्या शिंप्याला आज तो शब्द ऐकवेना.

"उद्या नको, काका," तो म्हणाला. "आत्ताच सांगतो." आणि मोकळ्या हाताने लांब बाही दुमडून तिला टाचणी लावत तो पुढे सांगू लागला.