भिंतीवरचा तेलाचा डाग

आज नातीने खोबरेल तेलाची बाटली उघडली आणि त्या वासाने मला थेट अंबाजोगाईच्या त्या बंगल्यात नेऊन बसवलं. दिवाळीच्या सुट्टीसाठी तो भाड्याने घेऊन आम्ही तलवाड्याहून आणि जाऊबाई पुण्याहून आलो होतो. जावेपुढे उंच दिसायचं म्हणून मी गंगावन घालून टाळूवर अंबाडा रचायची आणि टाचा दुखतात असं सांगून घरातही उंच टाचेच्या चपला घालायची. चालती-फिरती कडब्याची गंजीच म्हणा ना! निघताना बंगल्याच्या मालकाने ओसरीच्या पांढऱ्या भिंतीवरचा तेलकट डाग दाखवला. "ताई, तुमी हितंच टेकून उभ्या राहायच्या. रंगाचा खर्च अनामतीतून कापणार." जाऊबाई कुजबुजल्या, "जाऊ दे गं, वाद नको." मी म्हटलं, "कावून जाऊ द्यायचं? मी केलंच न्हाई!" अंबाडा मात्र नेमका डागाला भिडत होता. मी एकदा जावेकडे पाहिलं, चपला काढल्या, आकडे उपसले आणि गंगावन मालकाच्या हातात ठेवलं. "घ्या वास. खोट्या केसांना कुणी तेल लावतं व्हय?" मग भिंतीला पाठ लावली, माझं तेल लावलेलं डोकं डागाच्या वीतभर खाली राहिलं. "आता तुमी उभे राहा, भाऊ." तेलाने चपचपीत केसांचा तो उंच माणूस रोज तिथेच टेकून मोबाइलवर बोलायचा. तो भिंतीजवळ गेलाच नाही. गुमान सगळी अनामत परत दिली. जाऊबाई मात्र मलाच न्याहाळत होत्या. "अगं बाई, तू एवढीशीच आहेस?" आज डोक्याला तेल चोळताना नात म्हणाली, "आजी, तरुणपणी तू उंच होतीस ना?" मी बेधडक हो म्हटलं. जाऊबाई काही इथे नाहीत.