काकांची जिलबी

आमचे थोरले काका आणि आमच्या भागाचे माजी मंत्री एकाच सकाळी गेले. माजी मंत्र्यांना सगळा जिल्हा नुसतं 'साहेब' म्हणायचा, म्हणून मीही तसंच म्हणतो. काकांना हा योगायोग मुळीच आवडला नसता. फौजेतून निवृत्त होऊन गावी आल्यापासून त्यांनी एकाही निवडणुकीत साहेबांना मत दिलं नव्हतं. साहेब दर वेळी निवडून येत आणि काका दर वेळी म्हणत, "पुढच्या टायमाला बघतो त्येला." आता दोघांनाही पुढची खेप उरली नव्हती.

निरोप आला तेव्हा मी साताऱ्यात होतो. मिळेल त्या गाडीनं निघालो. पलूसच्या अलीकडे पोलिसांनी रस्ता अडवला होता. हवालदारानं खिडकीतून विचारलं, "कुठं निघालात?" मी म्हणालो, "मयताला." त्यानं ताठ उभं राहून मला सलाम केला आणि पुढच्या दोन ट्रॅक्टरांना शिव्या घालून आमची गाडी पुढं काढून दिली. काकांच्या फौजेतल्या नोकरीचा मान इथवर आहे, हे पाहून माझा ऊर भरून आला. गावाच्या वेशीत साहेबांचे फलक दिसले तेव्हा तो ओसरला.

काकू सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. येईल त्याला एकच गोष्ट सांगत होत्या.

"पहाटं जिलबी मागितली रं ह्यांनी. मी म्हनलं, साखर किती हाय ठावं हाय न्हवं? गप पडा. आन् खरंच गप पडले."

काकांना मधुमेह होता. पण जिलबी हे त्यांचं दैवत होतं. दर सव्वीस जानेवारीला शाळेच्या झेंड्याला कडक सलाम ठोकायचा आणि तिथून सरळ हॉटेलात जाऊन कागदात बांधलेली जिलबी घेऊन घरी यायचं, हा त्यांचा नेम. डॉक्टरांनी बंदी घातल्यावर काकूंनी असा पहारा ठेवला की फौजेतल्या माणसानंही मान डोलवावी. सणावाराला जिलबी आली तरी ती शेजारच्या घरात ठेवली जाई. तो पहारा आता काकूंनाच टोचत होता.

"कावळा शिवायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "बघ तू. ह्यांचा जीव जिलबीत अडकलाय."

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी नदीवर राख सावडतात. गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ पत्रावळीवर ठेवतात आणि कावळा येऊन शिवेपर्यंत सगळे लांब उभे राहतात. कावळा शिवला म्हणजे माणूस समाधानानं गेला. नाही शिवला तर काहीतरी राहिलं. काय राहिलं, ते काकूंना आधीच ठाऊक होतं.

इकडे आमच्या घरात हे चाललेलं असताना बाहेर गाव वाहिन्यांच्या गाड्यांनी भरून गेलं होतं. डोक्यावर छत्र्या घेतलेल्या त्या गाड्या गोठ्यांपुढे, देवळापुढे, पिठाच्या गिरणीपुढे उभ्या होत्या. साहेबांना शासकीय इतमामात निरोप द्यायचा होता आणि तोपर्यंत दिवसभर काहीतरी दाखवायचं होतं. त्यामुळे साहेबांचा न्हावी दाखवून झाला. साहेब लहानपणी पडले ती विहीर दाखवून झाली. ते शाळेत बसत तो बाक दाखवला. शाळेचे बाक गेल्याच वर्षी नवे आले होते, पण वार्ताहरानं त्यावरून इतक्या हळुवारपणे हात फिरवला की मुख्याध्यापकांना काही बोलवेना. साहेबांच्या फाटकापुढे एक म्हैस उभी होती. 'मुकं जनावरही आज अबोल' अशी पट्टी तिच्याखालून बराच वेळ सरकत राहिली. म्हैस शेजाऱ्याची होती आणि एरवीही फारशी बोलत नसे.

टोप्या घालून बसलेली माणसं बघून एक वार्ताहर बाई आमच्या अंगणात शिरल्या. कोपऱ्यात मी एकटाच डोळे पुसत होतो, म्हणून माइक माझ्यापुढे आला.

"काय भावना आहेत?"

"माझे काका गेले," मी म्हणालो. बाई लगेच कॅमेऱ्याकडे वळल्या.

संध्याकाळपर्यंत 'साहेबांचे पुतणे शोकाकुल' ही बातमी सगळीकडे होती. साताऱ्याहून माझ्या प्राचार्यांचा फोन आला. मी पंधरा-वीस वर्षं त्यांच्या हाताखाली शिकवतो, पण त्यांनी मला कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. "आपण कधी बोलला नाहीत, सर. रजेचं काही बघू नका."

स्मशानात त्या दिवशी साहेबांचा मान पहिला होता. आम्हाला दुपारनंतर या म्हणून सांगितलं. आम्ही काकांना घेऊन वडाच्या सावलीत थांबलो. पोलिसांच्या बंदुकांच्या फैरी झडल्या तेव्हा माझा चुलतभाऊ, म्हणजे काकांचा मुलगा, एकदम उठून उभा राहिला.

"ऊठ रं, सलामी चाललीय."

"ती साहेबांना आहे," मी म्हणालो.

"गोळीवर नाव लिवलंय का? त्यो साहेब जन्मात कवा काठी घेऊन उभा ऱ्हायला न्हाई. आबांनी बर्फात बंदूक धरली. ज्याची त्याला पोचती."

हे म्हणणं मला पटलं. आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

तिसऱ्या दिवशी नदीवर गेलो तर घाटाचा मोठा भाग दोऱ्या बांधून अडवलेला. मधे एक जुनी दगडी भिंत आहे. तिच्या पलीकडे साहेबांचं, अलीकडे आमचं. साहेबांसाठी केळीच्या पानांची रांगच मांडली होती. पुरणपोळी, मटणाचा रस्सा, हापूस, काजू-बदाम, दोन तऱ्हेची खीर. आमच्या पत्रावळीवर भाकरी, पिठलं, कांदा आणि मधोमध जिलबीचं एक भलंमोठं कडं. शेजारी काकांचा इनॅमलचा पेला, चहानं भरलेला. पांढरा, निळ्या काठाचा, कानाजवळ टवका उडालेला. फौजेतून त्यांनी एक ट्रंक आणि हा पेला आणला होता. चहा ते दुसऱ्या कशातून पीतच नसत.

कावळे होते. पलीकडच्या बाभळीवर चांगले दाटीवाटीनं बसले होते. पण साहेबांच्या पानांवर कॅमेऱ्याचे ड्रोन घोंघावत होते. एक खाली आला की दुसरा वर जाई. कावळे ते मोठ्या आस्थेनं बघत होते. खाली उतरायला मात्र कुणी तयार नव्हतं.

चुलतभावानं मोबाइलवर बातम्या लावल्या. पडद्यावर ओसाड पानं दिसत होती आणि खाली चौकटीत तीन तज्ज्ञ बसले होते. राजकीय विश्लेषक म्हणत होते की कावळ्याची ही भूमिका सूचक आहे. ज्योतिषी म्हणत होते, शनी आडवा आहे. तिसरे पक्ष्यांचे अभ्यासक होते. ते म्हणाले, "ते ड्रोन जरा बंद केले तर—" तेवढ्यात जाहिराती लागल्या. जाहिरातींनंतर ते गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत.

कावळा येईना की घरच्यांनी मोठ्यानं शब्द द्यायचा असतो, म्हणजे गेलेल्याच्या मनातलं ओझं उतरतं. भिंतीपलीकडे कार्यकर्त्यांनी ते मनावर घेतलं. एक जण पुढं होऊन ओरडला, "साहेब, पूल पुरा करतो!" त्याचं तोंड पानांकडे नव्हतं, कॅमेऱ्याकडे होतं. दुसरा म्हणाला, "साहेब, तिकीट तुमच्या लेकालाच!" लगेच मागून आवाज आला, "लेकीला! साहेबांच्या मनात ताईच हुत्या!" मग बराच वेळ लेक की लेक एवढंच ऐकू येत राहिलं. बाभळीवरचे कावळे आणखी एक फांदी वर सरकले.

आमच्या बाजूला चुलतभावानं हात जोडले. "आबा, आईला जपतो. म्हस इकत न्हाई. पोरीला फुडं शिकवतो." कावळा हलला नाही. काकू बायकांबरोबर वरच्या पायऱ्यांवर होत्या. तिथून त्यांचा आवाज आला, "जिलबी फुडं सरकवा की रं!" चुलतभावानं जिलबी पुढं सरकवली. काकूंनी पदर तोंडावर घेतला आणि मान खाली घातली.

त्या वार्ताहर बाईही आमच्याच बाजूला उभ्या होत्या. मोठ्या वाहिन्यांनी त्यांना पलीकडे जागा दिली नव्हती. कॅमेरावाला भिंतीवर कोपर टेकून दमून उभा होता, पण कॅमेरा चालू होता आणि आमच्या पत्रावळीकडे वळलेला होता. ऊन चढलं. पलीकडच्या ड्रोनची बॅटरी संपली असावी, घोंघावणं एकाएकी थांबलं. पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. आणि बाभळीवरून एक कावळा उठला, साहेबांच्या पुरणपोळीवरून, रश्श्यावरून, काजू-बदामांवरून सरळ पुढं आला, भिंतीवर बसला, मान वाकडी करून आमच्याकडे एकदा बघितलं आणि पत्रावळीवर उतरून जिलबीचं कडं चोचीत धरलं. उडताना त्याच्या पंखानं पेला कलंडला.

"कावळा शिवला!" वार्ताहर बाई ओरडल्या. मोठ्यानं ओरडायची त्यांना सवय होती.

पुढचं सगळं स्टुडिओनं केलं. मोबाइलमधून निवेदकाचा आवाज फुटत होता, "सर्वांत आधी आपल्या वाहिनीवर! साहेबांना शिवला कावळा!" वार्ताहर बाई कानातलं यंत्र दाबून सांगत होत्या, "सर, हे शेजारच्या—सर, साहेबांची पानं भिंतीच्या पलीकडे—" निवेदक म्हणाला, "आपला संपर्क तुटतोय." त्या जिथं उभ्या होत्या तिथं संपर्काला काहीही झालेलं नव्हतं. पण बातमी फुटताच पलीकडची सगळी गर्दी आरोळ्या देत भिंतीवरून आमच्या अंगावर आली. पोलिसांनी बायकांना मागं रेटलं. काकूंनी पदर बाजूला केला तेव्हा त्यांच्यापुढे नुसत्या पाठी होत्या.

घरी आल्यावर चुलतभाऊ त्यांच्यापुढे बसला. "आई, शिवला. पयल्या झटक्यात जिलबी उचलली."

"व्हय का," काकू म्हणाल्या.

"ह्याला इचार. ह्यो खोटं बोलत न्हाई."

"मी बघितलं, काकू," मी म्हणालो.

"मागल्या साली ह्ये दवाखान्यात हुते तवाबी दोगं असंच म्हनला हुता. उद्या घरी सोडत्यात, म्हनं. म्हैनाभर ठिवलं." त्यांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. "मला समजवाय सांगताय. मी काय ल्हान हाय? ह्ये उपाशी गेले. मीबी जेवत न्हाई."

संध्याकाळ झाली तरी ताट तसंच होतं. दर्भाचा कावळा करू, असं कुणीतरी सुचवलं. खरा शिवून गेलेला असताना गवताचा कशाला, म्हणून चुलतभाऊ चिडला. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात बसलो होतो. टीव्हीवर चादर टाकलेली होती, कारण सुतकात तो लावत नाहीत. त्या चादरीकडे बघता बघता माझ्या डोक्यात आलं की आज राज्यात टीव्ही लावणाऱ्या प्रत्येक माणसानं काकांचा कावळा बघितलाय. बघितला नाही तो एकट्या काकूंनी.

मी उठून चादर काढली.

"आवं गुरुजी, सुतकात टीव्ही?" शेजारचे म्हातारे म्हणाले.

"बातम्या आहेत. सिनेमा नाही."

"बातम्यात आन् शिनेमात फरक ऱ्हायलाय व्हय?" ते म्हणाले, पण खुर्ची घेऊन पुढं सरकले.

टीव्ही लागायचा अवकाश, कावळा आला. त्याच्याभोवती लाल वर्तुळ होतं. जिलबीकडे बाण होता. मागं सनई वाजत होती. कावळा उतरला, मग तोच पुन्हा हळूहळू उतरला, मग आणखी हळू. 'साहेबांची अखेरची इच्छा: जिलबी!' अशी अक्षरं थरथरत आली.

"कुनाचाबी कावळा दावतील," काकू म्हणाल्या. पण त्या बघत होत्या. कावळा पुन्हा उडाला, पेला पुन्हा कलंडला, आणि निवेदक गहिवरून म्हणाला, "पहा, साहेबांची साधी राहणी! टवका उडालेला पेला!"

काकू उठल्या. टीव्हीपाशी गेल्या आणि काचेवर बोट ठेवलं.

"ह्यो प्याला आपला हाय."

"मग मी काय सांगतोय सकाळपास्नं!" चुलतभाऊ म्हणाला.

"गप रं. बघू दे." त्यांनी सबंध जिलबी चोचीत जाताना बघितली. तुकडासुद्धा खाली सांडला नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "परत दावतील का रं?"

"दाखवतील, काकू. दिवसभर तेच दाखवतात."

त्या टीव्हीसमोरच बसल्या. ताट ओढून घेतलं. दर वेळी कावळा उतरला की हातातला घास थांबायचा, तो जिलबी घेऊन उडाला की तोंडात जायचा. वाहिन्यांच्या अतिरेकावर मी वर्गात पुष्कळ बोललेलो आहे. त्या संध्याकाळी मनातल्या मनात ते सगळं मागं घेतलं.

पुढं त्या पेल्याचं फार मोठं झालं. साहेबांचा पेला घाटावरून कुणी नेला, यावर चर्चा झडल्या. साहेबांच्या घरून खुलासा आला की असा पेला कधी नव्हताच. त्यावर घरच्यांनाच साहेबांचा साधेपणा कळला नाही, असं ठरलं. तो स्मारकात ठेवायचा म्हणून शोध सुरू झाला. तोवर तो घासून काकूंच्या चुलीजवळ ठेवलेला होता आणि सकाळ-संध्याकाळ काकू त्यातून चहा पीत होत्या.

मी साताऱ्याला परतायच्या आदल्या दिवशी पक्षाचे कार्यकर्ते घरोघरी साहेबांच्या नावानं जिलबी वाटत आमच्या दारात आले. एकानं काकूंच्या हातातला पेला बघितला.

"आवं काकू, साहेबांच्यासारखाच पेला की तुमच्यात!"

"व्हय. फौजेत मिळायचा."

"साहेब कवा फौजेत हुते?"

"त्येच म्हनते मी," काकू म्हणाल्या आणि जिलबीचा पुडा घेतला.

तो गेला तरी वळून वळून बघत होता. काकूंनी पुडा सोडला, काकांच्या फोटोपुढे ठेवला आणि पदर सावरत म्हणाल्या, "घ्या. साहेबानं धाडलीय. आता तरी मत द्या त्येला."