मी बनवलेल्या पत्त्यावरून आलेला फोन

आमच्या घरी कुणाची कधी दृष्टसुद्धा काढली नाही. बाबा केंद्र सरकारात, आई शाळेत विज्ञान शिकवायची, आणि मी कॉन्व्हेंटमधून थेट सॉफ्टवेअरमध्ये. इथले गूढ अनुभव मी टाइमपास म्हणून वाचते, विश्वास म्हणून नाही... हे आधीच सांगितलेलं बरं. मराठी लिहायची सवय कमी आहे, सांभाळून घ्या. नावं बदलली आहेत.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो आणि मी रोज चार्टर्ड बसने गुडगावच्या बाजूला जायचे. तिथल्या पोलिस कंट्रोल रूममध्ये आमची छोटी कंपनी नवी कॉम्प्युटर सिस्टिम बसवत होती. तोवरची पद्धत अशी — शंभर नंबरवर फोन आला की ऑपरेटर चिठ्ठीवर पत्ता लिहायची, चिठ्ठी खिडकीतून वायरलेसच्या खोलीत जायची, मग गाडी निघायची. घाबरलेल्या माणसाला पत्ता सांगता आला नाही तर सगळं तिथेच अडायचं. आमच्या सिस्टिममध्ये फोन वाजताच पत्ता स्क्रीनवर दिसणार होता. आज हसाल, तेव्हा ती जादू होती.

डिसेंबरातली सकाळ, डेमोचा दिवस. पोलिसांचे मोठे साहेब बघायला येणार होते. ठरलं असं, की आमचा रजत शेजारच्या खोलीतल्या टेस्ट फोनवरून शंभर फिरवेल आणि स्क्रीनवर पत्ता येईल. त्या फोनसाठी पत्ता मीच बनवला होता. खऱ्या कुणाचं घर नको म्हणून मुद्दाम असा सेक्टर निवडला, जिथे आमच्या नकाशात नुसती शेतं होती. घर नंबर मनाला येईल तो टाकला, नावाच्या जागी 'टेस्ट'.

साहेब आले, चहा झाला. आमचे बॉस मेहरा सर इंग्रजीत समजावत होते आणि मी नेहमीसारखी भिंतीला चिकटून उभी. फोन वाजला. स्क्रीनवर माझा पत्ता आला. साहेब "वाह" म्हणाले, सगळे खूश.

फक्त ऑपरेटर संतोषजी गंभीर. संतोष हे हरियाणात बाईचंही नाव असतं. मी दुपारी आईला फोन केला की या बाई माझ्या मराठीची नक्कल करायच्या. त्यांनी हेडफोन काढून माझ्यापुढे धरला.

"मॅडम, या तो थारी बोली में रोवै सै कोई."

माझ्या भाषेत कुणीतरी रडतंय म्हणे. मी तो कानाला लावला. नुसते हुंदके, म्हाताऱ्या बाईचे. मी विचारलं, "आजी, काय झालं?"

"अगं, हे बाथरूममध्ये पडलेत. कडी आतून आहे, ओ देत नाहीत. आत गॅसचा गीझर चालू आहे गं..."

मुलगा-सून ऑफिसला गेलेले. आजूबाजूची घरं अजून रिकामी, आणि हिंदी धड येत नाही. मी त्यांना आधी सिलिंडर बंद करायला, मग दारं-खिडक्या उघडायला सांगितलं. वळून मी म्हणाले, गाडी पाठवा. मेहरा सर हसले, रजतने आवाज काय झकास काढलाय म्हणाले. मग साहेबांना सांगितलं की पत्ता डमी आहे, तिथे शेतं आहेत. ते खोटं बोलत नव्हते. तेवढ्यात रजत दारात आला, कपाळाला घाम. टेस्ट फोनला डायल टोनच नाही, फोन लागलेलाच नाही म्हणाला.

साहेब माझ्याकडे वळले.

"ये पता आपने बनाया है?"

"जी सर."

"तो गाड़ी कहाँ भेजूँ?"

मीटिंगमध्ये मी कधी तोंड उघडलं नव्हतं. कानात आजी दार वाजवत होत्या... अहो, ऐकताय का, अहो... आणि आतून काही नाही.

"इसी पते पर, सर," मी म्हणाले. "अभी."

त्यांनी क्षणभर मला निरखलं आणि मान डोलावली. संतोषजींचा हात सवयीने चिठ्ठीकडे गेला, थांबला, आणि त्यांनी मी शिकवलेलं बटण दाबलं. आमच्या सिस्टिमवरून निघालेली ती पहिली गाडी.

मी आजींना बोलतं ठेवलं. मग हेडफोनमध्ये बुटांचे आवाज, दाराची फळी फुटल्याचा आवाज, आणि लाइन गेली. त्यानंतरचं वाट पाहणं मला सांगता येणार नाही. शेवटी वायरलेस खरखरला: "बुज़ुर्ग मिल गए. साँस चल रही है. अस्पताल ले जा रहे हैं."

संतोषजींनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा पडला. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मेहरा सर पुढे वर्षभर प्रत्येक क्लायंटला हा किस्सा सांगायचे, त्यात गाडी पाठवायचं त्यांनाच सुचलेलं असायचं. मला चालायचं. सिस्टिम पास झाली होती आणि आजोबा घरी आले होते.

एका रविवारी आईला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. मोहरीच्या शेतांमध्ये नवी कोरी घरं उभी होती. नंबर मी टाकला होता तोच. आजोबा गच्चीत उन्हाला बसून पेपर वाचत होते, मला बघून उठायला लागले. कोपऱ्यातल्या टेबलावर फोन होता. मुलाने हौसेने आधीच आणून ठेवलेला. त्याची वायर गुंडाळून रबरबँड लावलेली... सेक्टरात अजून टेलिफोनची केबलच आलेली नव्हती. त्या दिवशी आपली आई घाबरली होती, तिला फोनवर बोलल्यासारखं वाटलं असेल, असं मुलगा म्हणाला. मग पोलिस कसे आले, असं विचारलं तर तो चहाचं बघायला उठला.

आजींनी मला स्वयंपाकघरात नेलं, हातावर लाडू ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "मी कुठे फोन केला गं? मला शंभर नंबर ठाऊकच नव्हता. घंटी वाजली म्हणून उचलला, तर तूच विचारलंस — आजी, काय झालं?"

टेलिफोन खात्यातल्या बऱ्याच लोकांना मी नंतर विचारलं. क्रॉस कनेक्शन म्हणतात. त्यालाही वायर जोडलेली लागते ना? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर सांगा.

सिस्टिम सुरू करण्याआधी टेस्टच्या सगळ्या एन्ट्री पुसायच्या असतात. मी पुसल्या. ती एक ठेवली, फक्त 'टेस्ट' काढून आजी-आजोबांचं आडनाव घातलं. पत्ता बरोबर होता.