वारा नव्हता, पंखा फिरत होता

पळसाचं फूल हलत नव्हतं आणि डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता. राजुऱ्यापलीकडच्या टेकडीवरची ही पवनचक्की. गाव तिला पंखाच म्हणायचं. नव्वदच्या दशकातला मार्च, तोही संपत आलेला. 'यंत्र बसलं, चालू झालं' असा दाखला द्यायला मला चंद्रपूरहून बोलावलं होतं. असे दाखले देणं हाच माझा धंदा.

"फिरून राह्यला ना मस्त?" चक्की ज्यांची, त्या शेठचे मॅनेजर गुप्ताजी म्हणाले. "करा सही. मग जेवू."

"हवा कुठी आहे, गुप्ताजी?"

"वर असते ना, साहेब! खाली कशी लागन?"

मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून इकडे झाडाखालचा पाला जाळतात. उतारावर तसाच एक जाळ पेटला होता. त्याचा धूर सरळ उभा, पंख्याच्याही वर चालला होता. कुठे म्हणून वाकत नव्हता. म्हणजे वरही हवा नव्हती.

पायथ्याच्या खोलीत जाऊन मीटर पाहिलं आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. चक्की वीज देत नव्हती, खात होती! सोपं करून सांगतो. वाऱ्यानं पाती फिरली की आतला जनरेटर वीज देतो. त्याच जनरेटरला तारेतून वीज दिली, तर तो मोटर होतो आणि पाती फिरवतो. घरच्या टेबलफॅनसारखं. गुप्ताजींनी टेकडीवर टेबलफॅन लावला होता, गावाच्या लाइनवर.

तेवढ्यात एक बाई धापा टाकत चढून आल्या. पदरावर पीठ. शेवंताबाई, गावातली एकुलती गिरणी त्यांची.

"भाऊ, तुमीच का मोठे साहेब? हा पंखा फिरला का माही गिरणी गुरगुरते अन् बंद पडते. मोटर एकदा जळाली. बाया दळण घेऊन राजुऱ्याले जाऊन राह्यल्या. पंखा आला का लाइट चांगली येईन म्हणे! माह्या पोटावर पाय काऊन देता?"

मी गुप्ताजींकडे वळलो. "अहो, इथं वीज निघणार नाई. शेठचा पैसा वसूल कसा होईल?"

ते हसले. "वीज? शेठले वीज नाई पायजे, साहेब. घसारा पायजे."

घसारा म्हणजे यंत्राची झीज. एरवी ती वर्षानुवर्षं थोडीथोडी दाखवायची. पवनचक्क्या वाढाव्यात म्हणून सरकारनं सूट दिली होती: सगळी किंमत पहिल्या एकदोन वर्षांतच नफ्यातून वजा करा, तेवढा कर वाचवा. यंत्र ३१ मार्चच्या आत उभं राहून वापरात आलं की झालं. वीज किती निघाली, हे त्या सवलतीसाठी कोणी विचारतच नव्हतं.

"मग निदान वारा असेल तिथं तरी लावायची!"

"इथी जागा शेठच्या साडूची आहे."

"वारा मोजला होता का?"

"वारा मोजाले वर्ष लागते, साहेब. मार्च थांबते का?"

माणूस लबाडी लपवतो, हे ठाऊक होतं. हा तर लग्नपत्रिका वाचावी तसं सांगत होता!

"सही करणार नाई," मी म्हणालो. आणि शेवंताबाईंना छातीठोक सांगितलं, "बाई, काळजी नका करू. आता पंखा बंद होते."

दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या इंजिनियरनं सही केली. बाईंना काय तोंड दाखवणार, म्हणून मी तिकडे फिरकलोच नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या रस्त्यानं जाणं झालं. पंखा गप्प उभा. गिरणी मात्र जोरात, दारात बायांची रांग. शेवंताबाईंनी मला ओढून आत नेलं आणि चहा पुढे केला.

"भाऊ, शब्द पाळला तुमी. पंखा बंद केला. तवापासून गिरणी एकदा नाई अडकली."

पंखा मी बंद केलाच नव्हता. मार्च संपला, दाखला मिळाला, पंख्याचं काम झालं होतं. बाहेर आलो तर टेकडीवर पावसाआधीचा सोसाट्याचा वारा सुटलेला. पंखा कुलूपबंद.

सरकारनं पंखे उभे करण्याला सूट दिली. पंखे उभे राहिले.